घरचा एअर कॉम्प्रेसर: बिघाड नेमका कुठे ते ओळखणे आणि सुटे भाग बदलणे

कॉम्प्रेसर हवा धरत नाही असे दिसले की बरेच जण थेट हेड (सिलिंडरवरचे झाकण) उघडतात, पिस्टनच्या रिंगांचा नवा सेट आणतात, सगळे पुन्हा जोडतात आणि मग कळते की गळत होता तो टाकीवरचा दोन बोटांएवढा नॉन-रिटर्न व्हॉल्व. त्यामुळे या लेखात भाग बदलण्याआधी बिघाड ओळखण्याला जास्त जागा दिली आहे. कान, तळहात, घड्याळ आणि साबणाचा फेस एवढ्यावर बहुतेक बिघाडांचा पत्ता लागतो. पाना त्यानंतर उचलायचा.

इथे घरगुती पिस्टनचा, सिंगल फेज मोटरवर चालणारा, साधारण २५ ते १०० लिटर टाकीचा कॉम्प्रेसर गृहीत धरला आहे. तेलावर चालणारा आणि बिनतेलाचा, दोन्ही प्रकार यात येतात. जिथे फरक पडतो तिथे तसे सांगितले आहे.

हवेचा रस्ता आणि मधला उंबरठा

हवा फिल्टरमधून आत येते. हेडखाली व्हॉल्व प्लेट असते आणि तिच्यावर पातळ पोलादी पाती असतात. पिस्टन खाली गेला की आत घेणारी पाती उघडते, वर आला की ती मिटते आणि बाहेर सोडणारी पाती उघडते. दाबलेली गरम हवा तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या पाइपातून टाकीकडे जाते आणि टाकीच्या तोंडाशीच नॉन-रिटर्न व्हॉल्व असतो. तिथून आत गेलेली हवा परत फिरू नये, एवढेच त्याचे काम.

हा व्हॉल्व म्हणजे घराचा उंबरठा समजा. उंबरठ्याच्या अलीकडे, म्हणजे पंप, हेड आणि पाइप यांत, मोटर चालू असतानाच दाब असतो. पलीकडे, म्हणजे टाकी, गेज (दाब दाखवणारे), सेफ्टी व्हॉल्व (दाब फार वाढला तर हवा सोडणारा) आणि रेग्युलेटर (बाहेर जाणाऱ्या हवेचा दाब ठरवणारा) यांत, मोटर बंद असली तरी दाब साठलेला असतो. म्हणून पहिला प्रश्न नेहमी हाच: हवा गळते ती मोटर चालू असताना, की बंद असताना? या एका उत्तराने निम्मी यंत्रणा संशयातून बाहेर पडते.

उंबरठ्यावरचा राखणदार म्हणजे प्रेशर स्विच. टाकीतला दाब ठरलेल्या वरच्या आकड्याला पोचला की तो मोटर बंद करतो आणि खालच्या आकड्याला उतरला की चालू करतो. घरगुती मशीनवर वरचा आकडा साधारण ८ बार, म्हणजे ११६ पीएसआय, आणि खालचा त्याहून दीड-दोन बार कमी असतो. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय. तुमच्या मशीनचे खरे आकडे टाकीच्या पट्टीवर कोरलेले असतात, तेच प्रमाण माना.

या स्विचच्या बुडाशी एक छोटा व्हॉल्व असतो, त्याला अनलोडर म्हणतात. नॉन-रिटर्न व्हॉल्वपासून त्याच्यापर्यंत काडीएवढी बारीक नळी येते. मोटर बंद होताच अनलोडर उघडतो आणि हेड व पाइपात अडकलेली हवा ‘फुस्स’ करून एक-दोन सेकंदांत सोडून देतो. त्यामुळे पुढच्या वेळी मोटर मोकळ्या पिस्टनवर सुरू होते. हा ‘फुस्स’ आवाज म्हणजे मशीनची नाडी आहे. तो लांबला, आलाच नाही किंवा भलत्या वेळी आला, तर काय बिघडले ते तोच सांगतो.

हात लावण्याआधी

प्लग सॉकेटमधून काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही, कारण प्रेशर स्विच आपोआप मोटर सुरू करतो आणि बेल्टमध्ये बोटे सापडायला तेवढे पुरते. मग टाकीखालचा ड्रेन कॉक उघडून सगळी हवा सोडा. गेजचा काटा शून्यावर आला तरी कॉक उघडाच ठेवा, कारण गेजचा काटा अडकलेलाही असू शकतो. शेवटी सेफ्टी व्हॉल्वची कडी ओढून पाहा. तिथूनही हवा आली नाही तरच टाकी रिकामी आहे.

हे इतके ताणून सांगण्याचे कारण साधे आहे. ८ बार दाबाला दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ८ किलोंचा जोर असतो. अर्धा इंची आट्यांच्या प्लगमागे त्या हिशेबाने २५ किलोंहून जास्त जोर उभा असतो. शेवटचा आटा सुटला की तो प्लग गोळीसारखा सुटतो. डोळ्यांवर चष्मा हवाच.

हेड आणि तांब्याचा पाइप काम थांबल्यावरही बराच वेळ पोळतात, अर्धा तास जाऊ द्या.

सामान फार लागत नाही: मापाचे दोन पाने (एकाने धरायचे, दुसऱ्याने फिरवायचे), अॅलन की, टेफ्लॉन टेप, साबणाचे घट्ट पाणी व जुना ब्रश, मल्टीमीटर, केरोसीन, लाकडी किंवा प्लास्टिकची खरवडणी, आणि जमल्यास टॉर्क पाना (बोल्ट ठरलेल्या जोराएवढाच आवळणारा).

घड्याळाची चाचणी

टाकी पूर्ण रिकामी करा, कॉक बंद करा, बाहेरचा नळ बंद ठेवा आणि मोटर सुरू करून ती आपोआप बंद होईपर्यंतचा वेळ मोजा. ५० लिटरच्या टाकीत ० ते ८ बार भरायला साधारण ४०० लिटर मोकळी हवा आत जावी लागते. त्याला ४ मिनिटे लागली तर पंप मिनिटाला १०० लिटर देतो. मशीन नवे असताना हा वेळ लिहून ठेवला असेल तर उत्तमच. नसेल तर पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडा. तिथे भरण्याचा वेळ किंवा मिनिटाला प्रत्यक्ष मिळणारी हवा दिलेली असते. जाहिरातीत ठळक छापलेला आकडा अनेकदा पिस्टनच्या हिशेबाचा असतो, मिळणाऱ्या हवेचा नसतो, तेव्हा तो धरू नका.

मोटर बंद झाली की दुसरी चाचणी. अर्धा तास मशीनला हात लावू नका आणि काटा किती उतरतो ते पाहा. सुरुवातीला थोडा उतरतोच, कारण टाकीतली गरम हवा गार होते. काटा त्यानंतरही सरकत राहिला तर उंबरठ्याच्या पलीकडे गळती आहे. ५० लिटरच्या टाकीचा काटा १० मिनिटांत १ बार उतरला, तर मिनिटाला ५ लिटर हवा वाया जाते आहे.

आता ब्रशने साबणाचे पाणी लावा. प्रत्येक आटा, गेजचे बूड, रेग्युलेटरची टोपी, ड्रेन कॉक, नळीची जोडणी आणि सेफ्टी व्हॉल्व. विजेच्या भागावर मात्र पाणी नको, म्हणून प्रेशर स्विचच्या टोपीखाली कान लावूनच ओळखा. बारीक गळतीचा फेस लगेच दिसत नाही, त्याला दाण्यादाण्याने फुगायला अर्धा मिनिट लागतो. घाई केली की नेमकी तीच जागा सुटते.

लक्षणावरून बिघाड

*मोटर बंद, पण स्विचखालून हवा येतच राहते.* जवळजवळ नक्कीच नॉन-रिटर्न व्हॉल्व. टाकीतली हवा मागे पाइपात येते आणि उघड्या अनलोडरमधून बाहेर पडते. खात्रीसाठी टाकी रिकामी करून बारीक नळी अनलोडरकडून सोडवा, टाकी पुन्हा भरा आणि मोटर बंद करा. भरताना त्या नळीतून थोडी हवा जाणारच. मोटर थांबल्यावरही तिच्या तोंडातून हवा येत राहिली तर दोष व्हॉल्वचा. तिथून काही येत नाही आणि स्विचखालून मात्र येते, तर स्विचचा पडदा फाटला आहे. या लक्षणावर अनेकदा नवा प्रेशर स्विच आणला जातो, आवाज तिथून येतो म्हणून. आवाज येतो तिथेच दोष असतो असे नाही.

*मोटर चालू असतानाच स्विचखालून हवा येते.* अनलोडर मिटत नाही. त्याच्या सुईखाली कचरा किंवा गंज अडकलेला असतो. काही मशीनमध्ये मोटर सुरू होताना पहिले काही सेकंद हवा मुद्दाम सोडलेली असते, ती गळती समजू नका.

*मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही.* दोन सेकंदांत बंद करा, वाइंडिंग जळायला वेळ लागत नाही. टाकी रिकामी करून, एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला ठेवून, थेट भिंतीच्या सॉकेटवर चालवून पाहा. रिकाम्या टाकीवर चालते पण दाब असताना पुन्हा सुरू होत नाही, असे असेल तर हेडमधली हवा सुटत नाही आहे, म्हणजे अनलोडर किंवा नॉन-रिटर्न व्हॉल्व. रिकाम्या टाकीवरही अडते, तर प्लग काढून पुली किंवा पंखा हाताने फिरवा. सहज फिरला तर दोष कपॅसिटरचा (मोटरला फिरायला मदत करणारा विजेचा भाग), किंवा मोटरमधल्या सेंट्रिफ्युगल स्विचचा (मोटर वेगात आली की सुरू होण्यापुरता कपॅसिटर तोडणारा). हलतच नसेल तर पंप जाम आहे. सुरू होताना मोटर चालू प्रवाहाच्या पाच-सात पट प्रवाह ओढते. लांब, बारीक वायरमध्ये तेवढ्यात व्होल्टेज पडते आणि धडधाकट मोटर आजारी वाटते. काम लांब असेल तर वायर वाढवण्यापेक्षा हवेची नळी वाढवा.

*मोटर थांबतच नाही, काटा मध्येच अडकतो.* समजा ४ बारच्या पुढे जातच नाही. आधी फिल्टर काढून चालवा. काटा पुढे सरकला तर फिल्टरच तुंबला होता. नाही सरकला तर मोटर चालू असताना तळहात फिल्टरच्या जागी अलगद धरा. आत ओढ लागली पाहिजे. ओढीबरोबर हवा बाहेरही फेकली जात असेल तर आत घेणारी पाती तुटली किंवा तिच्याखाली काजळी बसली. आता तेल भरण्याच्या टोपीतल्या छिद्राशी बोट धरा. तिथून जोराचे धक्के आणि तेलाचा धूर येत असेल तर रिंगा झिजल्या. दोन्हीकडे काही नाही, पण ओढ कमी आणि हेड नेहमीपेक्षा फार तापते, अशा वेळी बाहेर सोडणारी पाती किंवा हेडचे गॅस्केट (सांध्यातून हवा गळू न देणारा पातळ थर). गॅस्केट मधोमध फाटले की गरम हवा हेडमध्येच गोल फिरत राहते, त्यामुळे फिल्टरची बाजूसुद्धा कोमट लागते. दोन सिलिंडरच्या पंपात दोन्ही फिल्टरवर हात धरून ओढ ताडून पाहा, आजारी बाजू हाताला कळते.

*सेफ्टी व्हॉल्व उडतो.* गेज बघा. काटा नेहमीच्या बंद होण्याच्या आकड्याच्या वर गेला असेल तर प्रेशर स्विच मोटर बंद करत नाही आहे, सेफ्टी व्हॉल्व आपले काम चोख करतो आहे. काटा खाली असताना उडत असेल तर सेफ्टी व्हॉल्व थकला किंवा गेज खोटे बोलते. टायरचा दाब मोजायचे गेज नळीला लावून दोन्ही ताडता येतात. सेफ्टी व्हॉल्व घट्ट करणे, त्याचे तोंड बुजवणे, जास्त आकड्याचा बसवणे हे कधीही नाही.

*हवेबरोबर तेल येते.* आधी तेलाची पातळी पाहा. काचेवरच्या लाल ठिपक्याच्या मध्यापर्यंत तेल हवे, पूर्ण काच भरलेली नको. पातळी बरोबर असून तेल येते तर रिंगा, किंवा चुकीचे पातळ तेल.

नॉन-रिटर्न व्हॉल्व: बदलण्याआधी धुऊन पाहा

पाइपाचा नट सोडताना एका पान्याने व्हॉल्वचे अंग धरा, दुसऱ्याने नट फिरवा. एकाच पान्याने ओढले तर तांब्याचा पाइप पिळवटतो आणि नंतर कधीच सरळ बसत नाही. बारीक नळीही सोडवा. मग व्हॉल्वचे षटकोनी अंग टाकीतून उलटे फिरवून काढा.

बहुतेक व्हॉल्वना वरून किंवा बाजूने एक मोठी टोपी असते. ती उघडली की स्प्रिंग आणि रबराची किंवा टेफ्लॉनची चकती निघते. ही चकती उजेडात तिरपी धरून पाहा. जिथे ती बैठकीवर (व्हॉल्वमधल्या भोकाच्या कडेवर) टेकते तिथे गोल वळ उमटलेला असतो. चांगल्या चकतीवर तो वळ सगळीकडे सारखा आणि अखंड दिसतो. गळणाऱ्या चकतीवर एका जागी तो तुटलेला असतो, किंवा तिथे काजळीचा कडक कण रुतून खड्डा पडलेला असतो. बैठक मऊ कापडाने पुसा, पॉलिश पेपर लावू नका. चकती दोन्ही बाजूंनी सारखी असेल तर उलटी करून बसवा. बऱ्याचदा एवढ्याने नवा भाग आणायची वेळ येत नाही. चकती कडक होऊन तडकली असेल तर मात्र व्हॉल्व बदला.

नवा घेताना जुना सोबत न्या. टाकीकडचा आटा, पाइपाकडचा आटा, बारीक नळीचे तोंड आणि ते कोणत्या दिशेला आहे, या चार गोष्टी जुळायला हव्यात. आट्यांत एक फसगत आहे: बीएसपी आणि एनपीटी ही आट्यांची दोन वेगळी मापे आहेत. पाव इंची बीएसपीला इंचाला १९ आटे असतात, पाव इंची एनपीटीला १८. एक-दोन फेरे दोन्ही एकमेकांत जातात, मग अडकतात आणि जोर लावला की आटे कापले जातात. अर्धा इंचीला तर दोन्हींत १४च आटे असतात, पण कोन ५५ आणि ६० अंशांचा, म्हणून बसल्यासारखे वाटते आणि गळते. नवा भाग हाताने चार-पाच फेरे सहज गेला नाही तर थांबा.

टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने, तोंड तुमच्याकडे धरून घड्याळाच्या काट्याप्रमाणे, ३ ते ४ वेढे. पहिला आटा मोकळा सोडा, नाहीतर टेपचा तुकडा आत जाऊन नेमका नव्या चकतीखाली अडकतो. पाइपाच्या नटाला आणि आतल्या पितळी रिंगेला टेप लावू नका, तिथे धातूवर धातू दाबूनच सील होते.

प्रेशर स्विच आणि अनलोडर

टोपी काढल्यावर वायरींचा फोटो घ्या, मगच स्क्रू सोडा. टाकी रिकामी आणि प्लग काढलेला असताना मल्टीमीटर कंटिन्युइटीवर (वीज सलग जाते का ते दाखवणाऱ्या खुणेवर) लावा. संपर्क जुळलेले दाखवले पाहिजेत. काळे पडले, खड्डे पडले, एकमेकांना चिकटले असतील तर स्विच बदला. घासून वापरलेले संपर्क लवकरच पुन्हा चिकटतात, आणि चिकटलेला स्विच म्हणजे न थांबणारी मोटर.

नव्या स्विचवर तीन गोष्टी बघा: बंद होण्याचा आकडा जुन्याएवढाच, ॲम्पिअर मोटरला पुरेसे, आणि हवेची तोंडे तितकीच, म्हणजे एक किंवा चार. बसवताना पाना खालच्या धातूच्या अंगावर लावा. प्लास्टिकची टोपी धरून फिरवले की बूड तडकते. गेज, सेफ्टी व्हॉल्व वगैरे त्याच स्विचवर बसले असतील तर सगळे एकाच दिशेला तोंड करून येतील असे आधी हाताने फिरवून ठरवा. अर्थिंगची वायर सर्वांत आधी जोडा.

आत मोठ्या स्प्रिंगवर एक नट असतो, तो फिरवला की दोन्ही आकडे बरोबरच वर-खाली होतात. काहींत दुसरा छोटा नट असतो, तो दोन आकड्यांमधले अंतर बदलतो. टाकीच्या पट्टीवरच्या कमाल दाबाच्या वर स्विच कधीही लावू नका.

अनलोडर अनेक स्विचवर वेगळा मिळतो, दोन स्क्रूंवर किंवा एका क्लिपवर असतो. तो बदलला आणि बारीक नळीची दोन्ही टोके सरळ कापून पूर्ण आत ढकलली की काम झाले.

कपॅसिटर

प्लग काढल्यावरही यात चार्ज राहू शकतो. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड पकडीत धरून दोन टोकांना १० सेकंद लावा, मग मल्टीमीटरवर व्होल्टेज शून्य आले का पाहा. पेचकस टेकवून ठिणगी पाडण्याची रीत सोडून द्या, त्याने कपॅसिटरही खराब होतो आणि डोळ्यात कण उडतो.

अंग फुगले असेल, तेलकट द्रव बाहेर आला असेल तर मोजायची गरजच नाही. नाहीतर मायक्रोफॅरड मोजा. सतत चालणारा कपॅसिटर लिहिलेल्या आकड्यापेक्षा १० टक्क्यांहून कमी भरला तर बदला. नव्याचे मायक्रोफॅरड तेवढेच हवेत, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त चालतात. सुरू होण्यापुरता लागणारा आणि सतत चालणारा हे दोन वेगळे प्रकार आहेत. पहिला दुसऱ्याच्या जागी लावला तर तो तापून फुटतो.

हेड उघडणे: पाती आणि गॅस्केट

चाचण्यांनी इथे आणून सोडले असेल तरच हे करा.

१. गॅस्केट आणि पात्यांचा संच आधी आणून ठेवा. पंपाच्या पट्टीवरचा नंबर, सिलिंडरचा व्यास आणि हेडच्या बोल्टमधले अंतर लागते. जुने गॅस्केट परत वापरायचे नाही.

२. फिल्टर काढा, पाइप दोन्ही टोकांना सोडवा. हेडचे बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, प्रत्येकी अर्धा फेरा असे सैल करा.

३. हेड चिकटलेले असेल तर रबरी हातोडीने बाजूने ठोका. फटीत पेचकस घालून उचकटू नका. अॅल्युमिनियमवर पडलेला एक ओरखडा पुढे कायम गळतो.

४. भाग ज्या क्रमाने निघतात त्याच क्रमाने, त्याच बाजूने वर्तमानपत्रावर मांडा. आत घेणारी पाती प्लेटच्या खालून, सिलिंडरकडे असते. बाहेर सोडणारी वरून असते आणि तिच्यावर वाकडी जाड पट्टी असते, ती पातीला जास्त उघडू देत नाही.

५. सिलिंडरमध्ये कापड कोंबा. जुने गॅस्केट लाकडी खरवडणीने काढा, काजळी केरोसीनमध्ये भिजवून मऊ करा.

६. पाती काढून तिच्या बुडाकडे आणि टोकाकडे बारीक चीर आहे का पाहा. चांगली पाती काचेवर ठेवली की सपाट बसते. वाकलेली पाती बोटाने सरळ करून पुन्हा बसवण्यात अर्थ नाही, ती लवकरच तुटते आणि तुकडा सिलिंडरवर ओरखडे पाडतो.

७. प्लेट उलटी-सुलटी करून प्रत्येक पातीवर तिच्या भोकाच्या बाजूने थोडे केरोसीन ओता. एखाद्-दुसरा थेंब पाझरला तर चालते, धार लागली तर बैठक खराब आहे.

८. सगळे पुसून, केरोसीन पूर्ण वाळू द्या. पेट्रोल आणि थिनरने धुऊ नका. त्यांची वाफ आत राहिली तर दाबलेल्या गरम हवेत पेट घेऊ शकते.

९. गॅस्केट कोरडे बसवा. भोके जुळली का दोनदा पाहा, उलटे बसलेले गॅस्केट हवेचा रस्ताच बंद करते. बोल्ट फुलीच्या क्रमाने तीन टप्प्यांत घट्ट करा: आधी हाताने, मग अर्ध्या टॉर्कवर, मग पूर्ण. टॉर्कचा आकडा पुस्तिकेतला घ्या.

पहिली १५ मिनिटे ड्रेन कॉक उघडा ठेवून मशीन मोकळे चालवा, गार होऊ द्या आणि कागदी गॅस्केट असेल तर बोल्ट त्याच टॉर्कवर पुन्हा एकदा तपासा.

रिंग, बेल्ट, तेल

तेलाच्या पंपात रिंगा बसवताना ज्या बाजूला खूण कोरली आहे ती वर. रिंगांच्या फटी एकाखाली एक येऊ देऊ नका, तीन रिंगा असतील तर १२० अंशांवर फिरवा. सिलिंडरला उभे ओरखडे नखाला लागत असतील तर नुसत्या रिंगांनी काम होणार नाही. बिनतेलाच्या पंपात रिंगऐवजी टेफ्लॉनची वाटी असते, तिचे उघडे तोंड वर, हेडकडे. वाटी झिजली की आत काळी भुकटी दिसते. तिच्याबरोबर पातळ सिलिंडरही बदला, कारण खरखरीत सिलिंडर नवी वाटी चटकन खातो. तिथे तेल किंवा ग्रीस टाकायचे नाही.

बेल्टवरचा नंबर वाचून तसाच घ्या. मोटरचे चार बोल्ट सैल करून मोटर आत सरकवा, बेल्ट चढवा, मग ताणा. अंगठ्याने मध्यावर दाबल्यावर साधारण १० ते १२ मिलिमीटर दबला की ठीक. दोन्ही पुल्यांवर सरळ पट्टी टेकवून रेषा जुळवा. फार ताणलेला बेल्ट बेअरिंग खातो, सैल बेल्ट सुरू होताना किंचाळतो. नवा बेल्ट काही तास चालल्यावर थोडा ढिला पडतो, तेव्हा पुन्हा ताणा. बेल्टवरची जाळी लावल्याशिवाय मशीन सुरू करू नका.

तेल कॉम्प्रेसरचेच, बहुतेक पंपांना व्हीजी १०० (तेलाच्या घट्टपणाचा आकडा) चालते. गाडीच्या इंजिन तेलातली साफ करणारी रसायने पाण्याशी मिसळून फेस करतात आणि पात्यांवर काजळी धरतात. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी गेले आहे, पंप गरम असताना ते काढून नवे भरा.

टाकी

दमट हवेत, ३० अंशांना, ५० लिटरची टाकी एकदा ८ बारपर्यंत भरली की जवळजवळ दोन चमचे पाणी तळाशी जमते. दिवसभरात दहा वेळा भरली तर किती होईल ते मोजा. काम संपले की थोडा दाब शिल्लक असताना कॉक उघडा, म्हणजे पाणी जोराने बाहेर पडते. रोज लालसर पाणी येत असेल तर आतून गंज चालू आहे.

टाकीच्या पत्र्यातून साबणाचा फेस आला, मग भोक सुईएवढे का असेना, ती टाकी संपली. वेल्डिंग, एपॉक्सी, स्क्रू-वॉशर यांपैकी काहीही चालत नाही, कारण एक भोक दिसते तेव्हा आजूबाजूचा पत्रा आतून तितकाच पातळ झालेला असतो. पंप, मोटर, स्विच काढून दुसऱ्या टाकीवर चढवता येतात. जुन्या टाकीला भंगारात देण्याआधी ड्रिलने मोठे भोक पाडा, म्हणजे दुसरे कोणी ती दुरुस्त करून वापरणार नाही.

जोडून झाल्यावर

टाकी रिकामी ठेवून सुरू करा. २ बारवर थांबवून साबण लावा, मग ५ बारवर, मग पूर्ण. मोटर आपोआप बंद झाली का, एक-दोन सेकंदांचा ‘फुस्स’ आला आणि थांबला का, हवा सोडल्यावर खालच्या आकड्याला पुन्हा विनाअडथळा सुरू झाली का, हे तीन वेळा करून पाहा. सेफ्टी व्हॉल्वची कडी एकदा ओढून तो उघडतो आणि पुन्हा घट्ट मिटतो याची खात्री करा. मग घड्याळ लावून भरण्याचा वेळ मोजा आणि तारखेसह टाकीवर चिकटपट्टीवर लिहून ठेवा. पुढच्या वेळी ताडायला तोच आकडा लागणार आहे.